मतपत्रिकेवरचे न्यायाधीश: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी ठरलेली असतात. त्यांच्या जोडीला प्रत्येक निवडणुकीच्या महिनाभर आधी एक संध्याकाळ न्यायाधीशांच्या निवडणुकीसाठी राखून ठेवावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. राष्ट्राध्यक्ष कोण होणार यावर आपल्या मंडळींत रात्र रात्र वाद रंगतात. प्रत्यक्ष मतपत्रिका हातात आली की तिच्या खालच्या भागातली न्यायाधीशांची नावे मात्र अनोळखी वाटतात. मग कुणी तो भाग कोरा सोडतो, तर कुणी टीव्हीवर वारंवार ऐकलेल्या नावापुढचा गोल काळा करतो. पैसेवाले याच दोन सवयींवर पैसा लावतात.

व्हिसा आणि नागरिकत्वाची प्रकरणे संघराज्याच्या यंत्रणेकडे जातात, हे खरे. पण घटस्फोट, मुलांचा ताबा, घरमालकाशी तंटा, अपघाताची भरपाई, मृत्युपत्र, भागीदारीतली फसवणूक यांतले जवळपास सगळे राज्याच्या न्यायालयात चालते. संघराज्याचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि ते तहहयात राहतात. राज्यांचे तसे नाही. ५० पैकी ३८ राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मतदारांसमोर यावे लागते.

पद्धत राज्यागणिक बदलते आणि पहिली चूक इथेच होते. न्यू जर्सीत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नर नेमणूक करतात, तिथल्या मतपत्रिकेवर न्यायाधीश नसतातच. टेक्सासमध्ये नावापुढे पक्ष छापलेला असतो. नॉर्थ कॅरोलिनाने मध्यंतरी पक्ष काढून टाकला होता, तो २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयासाठी परत आणला. ओहायोतही २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबरच्या लढतीत पक्ष छापला जातो. मिशिगनचा प्रकार वेगळाच आहे. तिथे सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार पक्षांच्या अधिवेशनात ठरतात, पण मतपत्रिकेवर पक्ष दिसत नाही. एकच खूण करून सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय तिथे आहे, पण ती खूण न्यायाधीशांच्या भागाला लागू होत नाही. ती केल्यावर 'झाले मतदान' म्हणून निघालात तर न्यायाधीशांचा भाग कोराच राहतो.

तारखाही फसव्या. विस्कॉन्सिनमध्ये ही निवडणूक एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी होते. जॉर्जियात ती मे महिन्यात, पक्षांच्या प्राथमिक फेरीच्या दिवशी होते. पेनसिल्व्हेनियात विषम वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर कुणीच मतपत्रिकेवर नसताना. अशा दिवशी मतदान कमी होते आणि तेवढ्याच पैशात जास्त परिणाम साधतो.

पैसा कुठून आत शिरतो

विस्कॉन्सिनचे उदाहरण जरा सविस्तर पाहू, कारण तिथे सगळे दरवाजे एकाच इमारतीत दिसतात. सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीश, प्रत्येकाची मुदत दहा वर्षे, निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित. २०२३ मध्ये जॅनेट प्रोटासिविच आणि डॅनियल केली यांच्या लढतीत ५ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. १ एप्रिल २०२५ ला सुझन क्रॉफर्ड आणि ब्रॅड शिमेल यांच्या लढतीत तो १० कोटी डॉलरच्या घरात गेला. देशातल्या कुठल्याही न्यायालयीन निवडणुकीत तोवर एवढा पैसा ओतला गेला नव्हता.

कायद्याने एका व्यक्तीला सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवाराला २०,००० डॉलरच देता येतात. मग कोट्यवधी येतात कुठून? २०१५ च्या बदलानंतर पक्षाला किती द्यावे याला मर्यादा उरलेली नाही आणि पक्षाने उमेदवाराला किती द्यावे यालाही नाही. त्यामुळे श्रीमंत देणगीदार पक्षाच्या नावाने धनादेश फाडतो आणि पक्ष तो पैसा उमेदवाराच्या खात्यात वळवतो. २०,००० ची मर्यादा कायद्याच्या पुस्तकात शाबूत राहते. २०२३ मध्ये प्रोटासिविच यांना डेमोक्रॅटिक पक्षाकडून जवळपास १ कोटी डॉलर मिळाले ते याच वाटेने. २०२५ मध्ये जॉर्ज सोरोस यांचे २० लाख डॉलर डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि इलॉन मस्क यांचे ३० लाख डॉलर रिपब्लिकन पक्षाकडे गेले, तेही याच वाटेने.

दुसरा दरवाजा 'स्वतंत्र खर्चा'चा. १९७६ च्या बकली खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी आणि खर्च यांत फरक केला: उमेदवाराच्या हातात पडणाऱ्या देणगीवर मर्यादा घालता येते, पण उमेदवाराशी संगनमत न करता कुणी स्वतः जाहिराती केल्या तर त्यावर घालता येत नाही. २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने ही मुभा कंपन्यांना आणि कामगार संघटनांनाही मिळाली. मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी २०२५ मध्ये विस्कॉन्सिनात २ कोटी डॉलरहून जास्त खर्च केले, त्यातला मोठा भाग या मार्गाचा. 'सक्रिय न्यायाधीशां'विरुद्धच्या (म्हणजे कायद्याऐवजी स्वतःची मते लादतात असा ज्यांच्यावर आरोप होतो त्यांच्याविरुद्धच्या) अर्जावर सही करणाऱ्या मतदारांना १०० डॉलर देऊ केले गेले. मतदानाच्या दोन दिवस आधी ग्रीन बे शहरातल्या सभेत दोघांना प्रत्येकी १० लाख डॉलरचे धनादेश दिले गेले. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी हे थांबवा म्हणून धाव घेतली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दखल घ्यायला नकार दिला. त्याच वर्षी जानेवारीत टेस्लाने गाड्या थेट विकण्यावरच्या विस्कॉन्सिनच्या निर्बंधांविरुद्ध तिथल्या न्यायालयात दावा लावला होता, हेही लक्षात ठेवावे.

मस्क यांचा पाठिंबा असलेले शिमेल हरले. क्रॉफर्ड सुमारे ५५ टक्के मते मिळवून निवडून आल्या. त्यावरून 'पैसा चालला नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही. दोन्ही बाजूंनी कोट्यवधी ओतले होते, त्यामुळे निवडून आलेल्या न्यायाधीशाच्या मागेही कुणाचे तरी पैसे उभे आहेतच. हा एका पक्षाचा दोष नव्हे. ज्याला ज्या राज्यात जमते तो तिथे हेच करतो.

हितसंबंध एका गोष्टीत, जाहिरात दुसऱ्याच

वेस्ट व्हर्जिनियातला केपर्टन विरुद्ध मॅसी कोल हा खटला कार्यक्रमात अवश्य सांगावा. यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. ह्यू केपर्टन यांची छोटी कोळसा कंपनी मॅसी या बलाढ्य कंपनीने बुडवली, असा दावा होता. २००२ मध्ये बून काउंटीतल्या ज्यूरीने केपर्टन यांच्या बाजूने ५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार हे उघड होते. २००४ मध्ये तिथल्या एका जागेची निवडणूक आली. मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन या वकिलाच्या बाजूने सुमारे ३० लाख डॉलर लावले.

त्या ३० लाखांची फोड बघा. थेट उमेदवाराला दिले फक्त १,००० डॉलर, कारण मर्यादाच तेवढी होती. सुमारे २५ लाख गेले 'अँड फॉर द सेक ऑफ द किड्स' नावाच्या गटाकडे. उरलेले ५ लाखांच्या वर जाहिराती आणि टपालावर. बेंजामिन यांच्या बाकी सगळ्या पाठीराख्यांनी मिळून केला त्याहून हा खर्च जास्त होता. जाहिरातींत कोळशाचा, कराराचा किंवा अपिलाचा उल्लेख नव्हता. विद्यमान न्यायाधीश वॉरन मॅकग्रॉ यांनी बालकांवर अत्याचार करणाऱ्याला मोकळे सोडले, असा आरोप त्यांत होता. न्यायालयीन जाहिराती वाचायची किल्ली हीच आहे. पैसा देणाऱ्याला हवे असते करारांच्या, विम्याच्या किंवा मतदारसंघांच्या नकाशाच्या खटल्यातले मत. घराघरात दाखवली जाते गुन्हेगारांची भीती, कारण आईवडिलांना तीच पटकन भिडते. म्हणून जाहिरातीचा विषय पाहून देणाऱ्याचा हेतू ओळखता येत नाही. त्यासाठी देणाऱ्याचे नाव शोधावे लागते.

बेंजामिन जिंकले. केपर्टन यांनी त्यांना या खटल्यातून बाजूला व्हायला सांगितले, त्यांनी नकार दिला आणि ५ कोटींचा निकाल ३ विरुद्ध २ मतांनी उलटवणाऱ्यांत ते होते. फेरसुनावणीतही ३ विरुद्ध २. जून २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने सांगितले, की पक्षपाताचा धोका इतका गंभीर असताना बेंजामिन यांनी बसायलाच नको होते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. खटला परत वेस्ट व्हर्जिनियात गेला आणि बेंजामिन बाजूला असूनही नोव्हेंबर २००९ मध्ये केपर्टन पुन्हा हरले, या वेळी दावा कुठल्या राज्यात लावायचा या करारातल्या कलमावर. तत्त्व जिंकले तरी केपर्टन यांच्या पदरात भरपाई पडली नाही.

ते तत्त्वही तोकडे आहे. किती पैशांवर न्यायाधीशाने बाजूला व्हावे, याचा आकडा न्यायालयाने दिला नाही, राज्यांवर सोपवला. विस्कॉन्सिनने २०१० मध्ये नियम केला, की कायदेशीर देणगी हे एकटे कारण बाजूला होण्यास पुरेसे नाही. त्यातला मजकूर उद्योजकांच्या आणि रिअल्टरांच्या संघटनांनी सुचवलेला होता. २०१७ मध्ये ५४ निवृत्त न्यायाधीशांनी ठरावीक रकमेवरच्या देणगीसाठी बाजूला होणे सक्तीचे करा अशी मागणी केली. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. बाजूला व्हायचे की नाही हे बहुतेक ठिकाणी ज्याच्यावर आक्षेप आहे तो न्यायाधीशच पहिल्यांदा ठरवतो, ही आमच्या मते सगळ्यात मोठी त्रुटी आहे. नकाराचे कारण लेखी देणे आणि तो नकार दुसऱ्या न्यायाधीशांनी तपासणे, एवढे दोन बदल झाले तरी पुष्कळ साधेल.

मार्ग नाहीत असे नाही. नॉर्थ कॅरोलिनात २००४ पासून न्यायाधीशपदाच्या उमेदवारांना सरकारी प्रचारनिधी मिळे. त्यासाठी किमान ३५० नोंदणीकृत मतदारांकडून १० ते ५०० डॉलरच्या छोट्या देणग्या जमवून आपल्याला पाठिंबा असल्याचे दाखवावे लागे. निधी येई करविवरणातल्या ऐच्छिक ३ डॉलरमधून आणि वकिलांच्या ५० डॉलरच्या वार्षिक शुल्कातून. दोन्ही पक्षांच्या उमेदवारांनी तो वापरला. २०१३ मध्ये विधिमंडळाने तो बंद केला.

त्याच नॉर्थ कॅरोलिनात, म्हणजे कॅरी-मॉरिसव्हिल भागातल्या आपल्या शेकडो मराठी कुटुंबांच्या राज्यात, २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जागेसाठी ५५ लाखांहून अधिक मतांतून ॲलिसन रिग्ज ७३४ मतांनी पुढे राहिल्या. प्रतिस्पर्धी जेफरसन ग्रिफिन यांनी ६५,००० हून अधिक मतपत्रिकांवर आक्षेप घेतला आणि वाद सहा महिने चालला. संघराज्याच्या न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर मे २०२५ मध्ये त्यांनी हार मानली. ७३४ म्हणजे दिवाळीला एका सभागृहात जमणारी माणसे.

कार्यक्रम कसा करावा आणि कुठे चुकते

आपले मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेच्या प्रकारात नोंदलेले असेल, तर कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात भूमिका घेण्यास त्याला पूर्ण बंदी आहे. पक्षनिरपेक्ष मतदार-शिक्षणाला मात्र परवानगी आहे. नोंदणी कुठल्या प्रकारात आहे हे कर खात्याच्या मान्यतापत्रात आधी तपासा. घोटाळे ठरलेले आहेत. दिवाळीच्या दीपप्रज्वलनाला एकाच उमेदवाराला बोलावणे, निवेदकाने 'यांना निवडून आणू या' म्हणणे, स्मरणिकेत एकाची जाहिरात फुकट छापणे, मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अध्यक्षांनी पदनामासकट प्रचार पुढे ढकलणे. उमेदवार बोलवायचे तर त्या जागेचे सगळे बोलवा, सारखा वेळ द्या आणि निमंत्रणाच्या ईमेल जपून ठेवा. एखादा आला नाही तर तुम्ही बोलावले होते याचा पुरावा तोच. कार्यक्रमात देणगीची पेटी ठेवू नका. अनेक राज्यांत न्यायाधीशपदाच्या उमेदवाराने स्वतः पैसे मागायला बंदी आहे आणि २०१५ मध्ये फ्लोरिडाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

प्रश्न विचारताना 'गर्भपाताच्या खटल्यात काय निकाल द्याल?' हे विचारू नका. तसे वचन देण्यास त्यांना मनाई असते आणि उत्तर गुळमुळीत येते. हे विचारा: एखाद्या गटाने तुमच्यासाठी १ लाख डॉलर खर्च केले आणि त्याचा खटला तुमच्यापुढे आला तर बाजूला व्हाल का? नकार दिलात तर कारण लेखी द्याल का? ज्येष्ठ नागरिकाला मराठी दुभाषी लागला तर तुमच्या न्यायालयात तो किती दिवसांत मिळतो? शेवटच्या प्रश्नाने उमेदवाराला न्यायालयाचा रोजचा कारभार कितपत ठाऊक आहे ते लगेच कळते.

जाहिरातीमागचा पैसा शोधण्याचे प्रात्यक्षिक पडद्यावर करून दाखवा, अर्ध्या तासात होते. संघराज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर हे सापडणार नाही, कारण राज्याचे न्यायाधीश त्याच्या कक्षेत येत नाहीत. राज्याचा निवडणूक विभाग किंवा सार्वजनिक आचारसंहितेवर देखरेख करणारा आयोग बघा, जसे विस्कॉन्सिन एथिक्स कमिशन, टेक्सास एथिक्स कमिशन. तिथे उमेदवाराच्या देणगीदारांची यादी मिळते. गटांच्या जाहिरातींसाठी एफसीसीची (दूरसंचार व प्रसारणावर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या आयोगाची) सार्वजनिक फाइल उघडा, वाहिनीचे नाव टाका आणि 'पॉलिटिकल फाइल्स'मध्ये वर्ष निवडा. जाहिरात कुणी घेतली, कधी दाखवली, किती पैसे मोजले याचे करार तिथे असतात. इथे बेरीज करताना लोक हमखास चुकतात. एकाच कराराच्या सुधारित प्रती एकापाठोपाठ चढवलेल्या असतात, त्या क्रमांक पाहून एकदाच मोजा. एकूण रकमेत बहुधा जाहिरात संस्थेचे १५ टक्के कमिशन धरलेले असते. यूट्यूब, टपाल आणि मोबाइल संदेश या फाइलमध्ये येत नाहीत. गट ५०१(सी)(४), म्हणजे करमुक्त 'समाजकल्याण' संस्थेच्या प्रकारातला असेल तर माग तिथेच तुटतो, कारण २०२० पासून अशा संस्थांना देणगीदारांची नावे कर खात्यालाही कळवावी लागत नाहीत. अशा गटाचे पदाधिकारी कोण, एवढे तरी करारासोबतच्या अर्जात बहुतेक वेळा सापडते. तिथून धागा पकडा.

ॲरिझोना, कोलोरॅडो, युटा इथे न्यायाधीशांच्या कामाचे अधिकृत मूल्यमापन मतदानाआधी प्रसिद्ध होते. शिकागो, ह्यूस्टनला वकील संघटनांची मते मिळतात. ह्यूस्टनकरांना याची गरज जास्त आहे. २०१८ मध्ये हॅरिस काउंटीत लढत झालेल्या सगळ्या ५९ न्यायाधीशपदांवर एकच पक्ष निवडून आला. त्यात निष्णात आणि नवखे दोन्ही वाहून गेले. टेक्सासने २०२० पासून एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय काढून टाकली, त्यामुळे आता एकेका नावावर थांबावेच लागते. इलिनॉयमध्ये मुदत संपलेल्या न्यायाधीशाला प्रतिस्पर्धी नसतो, फक्त 'कायम ठेवावे का' एवढेच मतदारांना विचारतात; त्या प्रश्नाला ६० टक्के 'हो' लागतात, म्हणून तिथे 'नाही' या मताला वजन आहे.

देणगी देण्याआधी

हा भाग मंडळाने न चुकता सांगावा, कारण यात आपली माणसे अडकू शकतात. एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ वर असलेल्यांना संघराज्य, राज्य, काउंटी, शाळामंडळ अशा कुठल्याच निवडणुकीत देणगी देता येत नाही. कामाच्या व्हिसावरच्या एका वकिलाने याला आव्हान दिले होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणे, पत्रके वाटणे चालते. पैसा कुठे खर्चायचा हे ठरवण्यात भाग घेणे चालत नाही. ग्रीनकार्ड असेल तर देणगी देता येते, मत देता येत नाही. दिले तर प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकते.

दुसऱ्याच्या नावाने देणे हा गुन्हा आहे. मित्राला 'तू दे, मी तुला परत करतो' म्हणणे त्यातच येते. मुंबईत जन्मलेले, मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ च्या न्यूयॉर्कमधल्या सिनेट प्रचारासाठी दोन ओळखीच्यांकरवी २०,००० डॉलर दिले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आठ महिने निगराणी केंद्रात, पाच वर्षे परिवीक्षा आणि ३०,००० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. तुमच्या सभासदाला अशी माफी मिळणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

कार्यक्रमाची तारीख धरताना नोंदणीची मुदत बघा. टेक्सासमध्ये ती मतदानाच्या ३० दिवस आधी संपते, नॉर्थ कॅरोलिनात २५, पेनसिल्व्हेनियात १५ दिवस आधी. विस्कॉन्सिनात मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते. हे पत्र स्मरणिकेत किंवा वार्तापत्रात छापायला आमची हरकत नाही. फक्त यात नाव आलेली व्यक्ती त्या वेळी तुमच्या राज्यात रिंगणात असेल, तर तिच्याविषयीचा परिच्छेद वगळून छापा.

आपले,
प्रचारनिधीच्या नोंदी आणि निवडणूक कायदा यांवर काम करणारे काही मराठी मतदार